क्रिस्टिनाच्या गाडीचा ब्रेक

नंदाखालच्या त्या आळीत गाडी चालवणारी पहिली बाई लुईझा. हे ती स्वतःहून कधी सांगत नाही. पण समोरचं माणूस विसरलंय अशी शंका आली, की बोलणं बरोबर तिकडे वळवते. "रस्ता किती अरुंद करून ठेवलाय बघा. मी शिकले तेव्हा इथून दोन गाड्या आरामात जायच्या." मग समोरचं माणूस म्हणतं, "हो गो, तेव्हा तू एकटीच होतीस चालवणारी." लुईझा मान हलवते आणि विषय संपतो.

तिचं माहेर उमेळ्याचं. लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू, नवरा लॉरेन्स, धाकटा दीर मार्सेल आणि शाळेत जाणारी नणंद थेरेसा. लॉरेन्स पाणीखात्यात नोकरीला. सकाळी सायकलवर जायचा, संध्याकाळी येऊन केळीच्या बागेत शिरायचा तो जेवायलाच बाहेर पडायचा. माणूस सरळ, पण यंत्राशी त्याचं जमत नसे. मिक्सरचं बटणसुद्धा बायकोला विचारून दाबायचा. मार्सेल बोटीवर स्वयंपाकी होता, त्यालाही चाकापेक्षा पाणी बरं वाटायचं. त्यामुळे सासूचे गुडघे आणि हृदय एकदमच बिघडलं आणि दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या, तेव्हा गाडी कोण चालवणार हा प्रश्न आला आणि तो लुईझाने सोडवला. बोळिंजच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कॉलेजच्या पोरांबरोबर बसून शिकली. पहिली गाडी जुनी, कोणीतरी वापरून सोडलेली. सासू पुढच्या सीटवर बसून रोझरी म्हणायची आणि वळण आलं की आवाज चढवायची. पण उतरल्यावर भेटेल त्याला सांगायची, "माझी सून आणते-नेते मला. रिक्षावाल्याचं तोंड बघावं लागत नाही."

हे वाक्य लुईझाने फार जपून ठेवलं होतं. कारण तोपर्यंत त्या घरातली कौतुकाची वाक्यं दुसऱ्या सुनेच्या वाट्याला जात असत.

दुसरी सून म्हणजे क्रिस्टिना, मार्सेलची बायको. कुवेतला नर्स होती. सुट्टीवर यायची तेव्हा सासूसाठी मऊ चप्पल, थेरेसासाठी परफ्यूम, लुईझासाठी न चिकटणारा तवा. वर्षभर सासूचं अंग पुसायचं लुईझाने, आणि सासूने सगळ्यांना दाखवायची ती चप्पल. नोकरी संपवून क्रिस्टिना कायमची परत आली आणि त्याच अंगणाच्या दुसऱ्या बाजूला तिने घर बांधलं. लुईझाच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी तिच्या पडवीवर उघडते. भाजी चिरता चिरता लुईझाला तिथलं सगळं दिसायचं: पडवीतला झोपाळा, त्यावरच्या उशा, उशांचे बदलणारे अभ्रे.

क्रिस्टिना मिरवत नसे. हेच लुईझाला जास्त टोचायचं. मिरवणाऱ्या बाईला नावं तरी ठेवता येतात.

एक गोष्ट मात्र क्रिस्टिनाकडे नव्हती. तिला गाडी येत नव्हती. सासू गेल्यावर लुईझाने जुनी गाडी विकून नवी कोरी पांढरी गाडी घेतली. दर रविवारी मागच्या सीटवर आळीतल्या म्हाताऱ्या भरून ती चर्चच्या मिस्साला न्यायची आणि क्रिस्टिना छत्री उघडून चालत जायची. आरशात ती छत्री लहान लहान होत जाताना बघून लुईझाला जे वाटायचं, ते पापकबुलीत सांगण्याइतकं मोठं आहे असं तिला कधी वाटलं नाही.

त्याच वर्षी क्रिस्टिना गाडी शिकली, आणि तीही गपचूप. एका शनिवारी अंगणात गाडी येऊन उभी राहिली. तीच कंपनी, तेच मॉडेल. फक्त रंग वाइनचा, आणि वरच्या दर्जाची. मागे कॅमेरा होता.

"ताई, तुझी बघूनच घेतली," क्रिस्टिना म्हणाली. "तू म्हणाली होतीस ना चांगली आहे म्हणून."

"चांगलीच आहे," लुईझा म्हणाली. "कॅमेरा कशाला? मान वळवता येत नाही का तुला?"

फादरांनी येऊन गाडीवर पवित्र पाणी शिंपडलं. लुईझाने केक कापायला सुरी दिली, आणि दुसऱ्या रविवारी तिच्या गाडीची मागची सीट अर्धी रिकामी निघाली. कॅटरीनमावशी, जिचा आपल्यावर सगळ्यात जास्त जीव असं लुईझा समजत होती, ती वाइन रंगाच्या गाडीतून उतरली आणि वर सांगत आली, "हिच्या गाडीत बसलं की पाठीला काही कळतच नाही गो!"

"गाडी तीच आहे मावशी," लुईझा म्हणाली.

"असेल. पण ही हळू नेते."

पुढचं सगळं घडलं ते विनिताच्या लग्नावरून. विनिता थेरेसाची एकुलती एक मुलगी. थेरेसाचा नवरा लवकर गेला, तेव्हापासून मायलेकी आळीच्या तोंडाशीच दोन खोल्यांत राहतात. लुईझा विनिताची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या वेळी ते रडणारं गाठोडं हातात घेऊन ती वेदीजवळ उभी होती, आणि स्वतःला मूल नसल्यामुळे तिने ते कधी पुरतं खाली ठेवलंच नाही. शाळेची सहल, दहावीचा निकाल, पहिली नोकरी, प्रत्येक ठिकाणी विनिताला सोडायला आणि आणायला लुईझाची गाडी.

त्या आळीत नवरी मामाकडून चर्चला जाते. पूर्वी मामा डोक्यावर छत्री धरून चालत न्यायचा, पुढे बँड. आता छत्रीच्या जागी मामाची गाडी आली. मामाची म्हणजे मामाच्या घरची. लॉरेन्स आणि मार्सेल दोघांनाही गाडी चालवता येत नसल्यामुळे नवरीला नेण्याचा मान आपोआप माम्यांकडे आला होता. थोरला मामा लॉरेन्स आणि धर्ममाताही लुईझाच, तेव्हा प्रश्न उरला नाही असं लुईझा धरून चालली होती.

एका दुपारी थेरेसा आली, चहा घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"वहिनी, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार की."

"फोटोवाला म्हणतो पांढऱ्या गाऊनला पांढरी गाडी उठून दिसत नाही. तो वाइन रंग... विनिताचं काही नाही हं. फोटोवालाच म्हणाला."

"फोटोवाल्याला मामी आहे का?" लुईझाने विचारलं. थेरेसा हसली, आणि तिच्या हसण्यावरूनच लुईझाला कळलं की ठरून गेलंय.

त्या आठवड्यात लुईझा क्रिस्टिनाशी नेहमीपेक्षा गोड वागली. तिच्या घरी केळफुलाची भाजी पाठवली. भाजी देऊन परत येताना ती वाइन रंगाची गाडी पुसलेली, चकचकीत उभी दिसली, आणि तिला मनापासून वाटलं की या गाडीला काहीतरी व्हावं. अपघात नाही. कोणाला लागायला नको. फक्त गाडीला काहीतरी.

आणि झालं. एका सकाळी सर्व्हिस सेंटरचा माणूस आला आणि क्रिस्टिनाची गाडी घेऊन गेला. लुईझा खिडकीतून बघत होती. ती ओले हात पदराला पुसत अंगणात आली.

"काय गो, नवी गाडी आणि सर्व्हिसिंगला?"

"सर्व्हिसिंग नाही ताई. कंपनीने परत बोलावलीय," क्रिस्टिनाने सरळ सांगितलं. "त्या काळात बनलेल्या काही गाड्यांच्या ब्रेक बूस्टरमध्ये दोष निघालाय म्हणे. पेडल दाबायला ज्याची मदत होते तो पार्ट. तो हळूहळू कामातून जातो, पेडल जड होतं, आणि मग गाडी वेळेवर थांबत नाही. फुकट बदलून देतात. तुझी पण विचारून बघ, आपण एकाच वर्षी घेतल्या."

शेवटचं वाक्य लुईझाच्या कानापर्यंत पोचलं, पण आत गेलं नाही. आत गेलं ते एवढंच: कंपनीने परत बोलावली. ब्रेकमध्ये दोष.

पुढच्या चार-दोन दिवसांत ही बातमी आळीत ज्या वेगाने फिरली, तो वेग कुठल्याही गाडीला जमला नसता. लुईझा खोटं काही बोलली नाही. ती फक्त काळजी करत फिरली. कॅटरीनमावशीकडे जाऊन म्हणाली, "मावशी, माझ्या गाडीत नाही आलात तरी चालेल. पण सांभाळून हं. कंपनीच म्हणते त्या गाडीला ब्रेक नाही." महिला मंडळाच्या बायकांना म्हणाली, "बिचारीची नवी गाडी. वरच्या दर्जाची घ्यायला गेली." आणि थेरेसाला म्हणाली, "मला काही नको, मान नको, फोटो नको. पण पोरीच्या जिवाशी खेळ नको. तू ठरव."

"पण क्रिस्टिनावहिनी म्हणते दुरुस्त होऊन आली."

"दुरुस्त! एकदा फाटलेली कापडं आपण लग्नात नेसतो का?"

थेरेसाने ठरवलं, लुईझाची पांढरीच. रविवारी मागची सीट भरली. कॅटरीनमावशी आत चढता चढता म्हणाली, "तुझी पांढरीच बरी गो. जुनं ते माणसाला कळतं." क्रिस्टिना आपल्या गाडीतून एकटी चर्चला गेली. आरशात यावेळी छत्री नव्हती, वाइन रंगाचं बॉनेट होतं, पण समाधान तेच.

आणि त्याच सोमवारी लुईझाला फोन आला. ती मोगऱ्याच्या कळ्या खुडत होती.

"मॅडम, मी संकेत बोलतोय, सर्व्हिस सेंटरमधून. तुमची पांढरी गाडी आहे ना? तुमचा चॅसिस नंबर रिकॉलमध्ये आहे. ब्रेक बूस्टर. आमच्याकडे नोंदवलेला नंबर बंद लागत होता, म्हणून उशीर झाला. गाडी कधी आणता?"

लुईझाने आधी मागे वळून क्रिस्टिनाच्या पडवीकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं.

"माझ्या गाडीला काही झालेलं नाही," ती हळू आवाजात म्हणाली.

"मॅडम, झालेलं नसेल, पण होऊ शकतं. पेडल कडक वाटतंय का?"

"नाही."

"पार्ट मागवावा लागेल, गाडी एक-दोन दिवस ठेवावी लागेल. आम्ही येऊन घेऊन जाऊ, तुम्हाला यायची पण गरज नाही."

येऊन घेऊन जाणार. म्हणजे तोच माणूस, तोच निळा शर्ट, त्याच अंगणातून. आळीतल्या सगळ्या खिडक्यांसमोरून पांढरी गाडी त्याच वाटेने जाणार, आणि कॅटरीनमावशी म्हणणार, हिची पण?

"पुढच्या महिन्यात बघू," लुईझा म्हणाली. "आमच्याकडे लग्न आहे."

"मॅडम, तोपर्यंत जास्त चालवू नका प्लीज."

तिने फोन पदराखाली धरून बंद केला, जसा काही त्याचा आवाज अंगणापलीकडे जाणार होता.

पेडल कडक वाटत नाही, हे तिने संकेतला सांगितलं ते तिच्या मते खरंच होतं. तिचा उजवा गुडघा दुखत होता. गेले काही आठवडे ब्रेक मारला की गुडघ्यात कळ यायची, आणि तिने ती वयाच्या खात्यावर टाकली होती. रात्री झोपण्याआधी ती गुडघ्याला मलम चोळायची. लॉरेन्सने एकदा विचारलं, "डॉक्टरला दाखवूया का?" ती त्याच्यावर उखडली. गुडघा गेला म्हणजे गाडी गेली. गाडी गेली म्हणजे रविवारी पुन्हा कोण पुढे, कोण मागे, हे तिला माहीत होतं. क्रिस्टिना तिच्यापेक्षा लहान, आणि तिचे गुडघे परदेशच्या गुळगुळीत फरशीवर वाढलेले.

आता मात्र ती मलम चोळता चोळता थांबायची. गुडघा फक्त गाडीतच का दुखतो? जिना चढताना का नाही? हा प्रश्न मनात आला की ती आणखी थोडं मलम घ्यायची.

मांडवाच्या दिवशी दुपारी विनिताला बोळिंजहून आणायचं होतं. तिथल्या बाईने गाऊनची शेवटची शिलाई केली होती आणि केसांची रंगीत तालीम पण तिथेच. विनिता मागे बसली, गाऊनची पिशवी मांडीवर आडवी धरून. केस वर बांधलेले, त्यात खोटे मोती. लुईझाला आरशात ते सारखं बघावंसं वाटत होतं.

"मामी, पुढे बघ ना," विनिता हसत म्हणाली. "उद्या बघ हवं तेवढं."

"उद्या तुला बघायला सगळं गाव असेल. आज माझी पाळी."

आळीच्या तोंडाशी रस्ता दोन्हीकडून उतरतो आणि उताराच्या तळाशी टोनीच्या वाडीचं बांबूचं कुंपण. तिथे रस्ता काटकोनात वळतो. लुईझाने त्या उतारावर हजारदा ब्रेक मारलाय. तिने पाय ठेवला, आणि पेडल दगडासारखं लागलं. गाडीचा वेग कमी झाला, पण जितका व्हायला हवा तितका नाही. तिने दोन्ही पाय ठेवले. सीटला पाठ रेटून, दात आवळून दाबलं. हँडब्रेक ओढला. गाडी कुंपणात शिरली, बांबू कडाकडा मोडले, एक केळीचं झाड बॉनेटवर वाकलं आणि सगळं थांबलं.

मागे पिशवी खाली पडली होती. विनिताचा एक मोती सुटून दारापाशी गेला होता.

"मामी! लागलं का तुला?"

 टोनी वाडीतून धावत आला, कोयता हातातच. "लुईझाबाय, केळी विकत मागितली असतीस तर दिली असती की!" तो म्हणाला. विनिता हसली. लुईझाने तिच्याकडे वळून बघितलं. कपाळ, हात, मान. सगळं जागच्या जागी.

"गुडघा," ती कशीबशी म्हणाली. "गुडघ्याने दगा दिला."

पण आता तिला माहीत होतं. गुडघ्याने नाही.

टोनीने आणि आणखी दोघांनी गाडी ढकलून वाडीच्या कडेला लावली. विनिता मागे राहून गाऊनची पिशवी झटकत होती, लुईझा एकटी चालत पुढे निघाली. चालताना गुडघा अजिबात दुखला नाही.

आणि त्या चालण्यात तिने जे ठरवलं, त्यावरून तिची ओळख पटते. तिला पहिला विचार आला तो असा, की भाड्याची गाडी आणूया. विरारला लग्नाच्या लांबलचक गाड्या भाड्याने मिळतात, फुलं लावून येतात, ड्रायव्हरच्या डोक्यावर टोपी. म्हणजे कोणाचीच नाही. ना हिची, ना तिची.

ती थेट थेरेसाच्या मांडवात गेली. थेरेसा दिव्यांच्या माळा लावणाऱ्या माणसाशी भांडत होती.

"थेरेसा, मी म्हणते, एखादी मोठी गाडी भाड्याने आणूया का? विनिताला शोभेल."

थेरेसा वळून बघतच राहिली. "भाड्याच्या गाडीतून? दोन भाऊ जिवंत असताना? वहिनी, लोक काय म्हणतील, मामाकडे गाडी नव्हती?"

"आजकाल सगळे आणतात."

"ज्यांना मामा नाही ते आणतात." थेरेसाचा आवाज बदलला. "तुला न्यायचं नाही का तिला? काय झालं? माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही चुकलं."

"मग?"

मांडवाच्या मागे मोठ्या कढईत लग्नाच्या जेवणाचे, आंबवलेल्या पिठाचे फुगे तळत होते. पाच-सहा बायका गोल बसून पिठाचे गोळे तेलात सोडत होत्या, त्यात कॅटरीनमावशी होती, आणि झारा धरून क्रिस्टिना. लुईझाने बघितलं की सगळ्यांचे कान इकडे आहेत. अजूनही वाट होती. ताप आला म्हणता आलं असतं. गुडघा होताच. गुडघ्यावर कोणीही विश्वास ठेवला असता, आणि क्रिस्टिनाने नेलं असतं तरी ते लुईझाच्या जागी, लुईझाच्या दुखण्यामुळे, लुईझाच्या परवानगीने नेलं असं झालं असतं.

पण संध्याकाळी लॉरेन्स टोनीच्या वाडीकडून गाडी आणायला कोणालातरी चावी देईल. कोणीतरी पोरगं त्या उतारावरून ती चालवेल. हे तिला दिसलं, आणि मग दुसरं काही बोलता येईना.

"माझ्या गाडीचा ब्रेक गेलाय," ती म्हणाली. "आज विनिता आत होती. टोनीच्या कुंपणात घुसलो. कंपनीने मला पण फोन केला होता. क्रिस्टिनाला केला तसाच. मी नेली नाही."

कढईभोवतीचे पिठाचे हात थांबले.

"कधी केला होता फोन?" थेरेसाने विचारलं.

"झाले दिवस."

"आणि तू त्यात आम्हाला बसवून मिस्साला नेत होतीस?" कॅटरीनमावशी पिठाचा हात तसाच वर धरून म्हणाली. "अगो बाय! मला म्हणत होतीस त्या गाडीला ब्रेक नाही!"

"त्या गाडीला होता मावशी," दुसरी एक म्हणाली. "हिच्याच नव्हता." कोणीतरी फिस्सकन हसलं.

लुईझाने क्रिस्टिनाकडे बघितलं. क्रिस्टिना फुगे उलटत होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. लुईझाला ते आधी कळलं नाही, मग एकदम कळलं.

"तुला माहीत होतं."

"नंबर मीच दिला संकेतला," क्रिस्टिना म्हणाली. "त्यांच्याकडे लॉरेन्सदादांचा जुना नंबर होता. मी म्हटलं, आमच्या ताईंची गाडी पण बघा, त्याच वर्षीची आहे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. अंगणात. तू ऐकलंस का?"

"पुन्हा सांगायचं!"

क्रिस्टिनाने झारा परातीवर आपटला. इतक्या वर्षांत लुईझाने तिला काही आपटताना पाहिलं नव्हतं. "का सांगू? तू घरोघर जाऊन माझी गाडी फाटकं कापड म्हणालीस. मी म्हटलं, आता हिची येऊ दे घेऊन जायला. मी पडवीत बसून बघेन. रोज वाट बघत होते मी."

"आणि पोरगी बसत होती माझ्या गाडीत! ते नाही दिसलं पडवीतून?"

क्रिस्टिनाने झारा पुन्हा उचलला. तिचा चेहरा कढईच्या धगीने लाल होता, आता उतरला. "मला वाटलं तू लग्नासाठी वापरायच्या आधी नेशीलच," ती म्हणाली, आणि मग हळूच, "वीस वर्षं तुझ्या मांडीवर बसून ती माझ्याकडे टाटा करते, ताई. मला पण एकदा पाहिजे होती ती माझ्या गाडीत."

लुईझाला या वाक्याचं काय करावं कळेना. झोपाळा, उशा, कुवेत, मागचा कॅमेरा एवढं सगळं असलेल्या बाईला तिच्याकडचं काही हवं असेल, हे तिने आजवर धरलंच नव्हतं. तिला वाईट वाटलं. आणि वाईट वाटण्याच्या पोटात कुठेतरी फार बरं वाटलं.

फुगे करपायला लागले होते. कॅटरीनमावशीने ते काढले.

केसांतले मोती काढत विनिता दारात येऊन उभी राहिली होती. तिने किती ऐकलं होतं कोणास ठाऊक. "झालं का तुमचं?" ती म्हणाली. "मी सांगू? गाडी क्रिस्टिनामामीची. चालवणार लुईझामामी. दुसरी मामी बाजूला. आणि रस्त्यात एक शब्द बोलायचा नाही कोणी. माझं लग्न आहे उद्या."

"माझी गाडी मी कोणाला चालवायला देत नाही," क्रिस्टिना म्हणाली.

"मी दुसऱ्याची चालवत नाही," लुईझा म्हणाली.

"मग मी टोनीच्या टेम्पोतून जाते, केळ्यांबरोबर."

सकाळी वाइन रंगाच्या गाडीच्या बॉनेटवर सोनचाफ्याचा हार चढला. लॉरेन्स आणि मार्सेल कडक इस्त्रीच्या कोटात अंगणात अवघडून उभे राहिले, आणि फोटोपुरता एकेक हात त्यांनी गाडीवर ठेवला. मागे विनिता आणि थेरेसा, गाऊन दोघींच्या मांडीवर पसरलेला. पुढे दोघी जावा, दोघींच्या साड्या नव्या. लुईझाने सीट पुढे घेतली. आरसा वळवला. क्रिस्टिना खिडकीबाहेर बघत होती, पण तिचा उजवा पाय पुढच्या मॅटवर ताणून धरलेला होता.

उतार आला. लुईझाने गेल्या महिन्याभराच्या सवयीने, सगळा जीव उजव्या पायात आणून, ब्रेक मारला.

गाडी जागच्या जागी थांबली. विनिताचा डोक्यावरचा जाळीदार वेल कपाळावरून नाकापर्यंत आला. थेरेसा पुढच्या सीटवर आपटली. मागून येणाऱ्या बँडवाल्यांच्या गाडीने हॉर्न वाजवला.

"ताई!" क्रिस्टिना ओरडली. "हळू! हिला ब्रेक आहे!"

मागे विनिता वेलच्या आत हसत होती, आणि थेरेसा तिला मेकअप बिघडेल म्हणून गप्प करत होती.  लुईझाने पुन्हा पाय ठेवला, यावेळी नुसती बोटं टेकवली. पेडल मऊ लोण्यासारखं खाली गेलं आणि गाडी सावकाश वळली, टोनीच्या मोडक्या कुंपणाला न लागता. म्हणजे हे इतकं सोपं असतं. एवढे दिवस क्रिस्टिना इतक्या आरामात चालवत होती आणि इथे आपण मलमाच्या डब्या संपवत होतो. चर्चच्या दारापर्यंत लुईझाने मुद्दाम तीन-चार ठिकाणी गरज नसताना ब्रेक लावला. प्रत्येक वेळी तो लागला.

चर्चसमोर विनिता उतरली. दोघींनी मिळून गाऊनचा घोळ उचलला. एका बाजूने एक, दुसऱ्या बाजूने दुसरी, आणि पायऱ्या चढताना कोणाची बाजू जरा जास्त वर आहे याकडे दोघींचं लक्ष होतं.

लग्नाचं जेवण पचलं, मांडव उतरला, आणि लुईझाने संकेतला फोन केला. गाडी चालवून नेऊ नका, आम्ही उचलून नेतो, तो म्हणाला. सकाळी मागे सपाट पाठ असलेला ट्रक आला. निळ्या शर्टचा माणूस होताच. पांढरी गाडी दोरांनी बांधून उंचावर चढवली, अगदी सगळ्यांना दिसेल अशी. खिडक्या उघडल्या. कॅटरीनमावशी दारात आली. क्रिस्टिना पडवीत झोपाळ्यावर चहाचा कप घेऊन बसली होती, पण तिने झोका घेतला नाही.

लुईझा ट्रकमागोमाग रिक्षाने सेंटरवर गेली. घरी थांबली असती तर त्या पडवीसमोर थांबावं लागलं असतं. संकेत प्रत्यक्षात फोनवरच्या आवाजापेक्षा लहान होता. त्याने गाडी बघितली, पेडल दाबून बघितलं आणि तिच्याकडे वळला.

"मॅडम, यावर तुम्ही गाडी चालवत होतात?"

"किती वेळ लागेल ते सांगा."

"उद्या संध्याकाळी देतो. पार्ट आलाय."

लुईझा काऊंटरशी जरा पुढे झुकली. "वाइन रंगाची गाडी आली होती ना, आमच्याच आळीतली? तिला बसवलात तोच पार्ट?"

"हो मॅडम. अगदी तोच."

लुईझाने पर्स काखेत नीट धरली.

"त्याच्यानंतरचा नाही का निघाला एखादा?"